कवटी बघून प्राण्याचं खाणं कसं ओळखायचं: आर्माडिलोपासून सुरुवात करा

कवटी हातात आली की आपण आधी दात बघतो. सुळे दिसले की मांसाहारी, रुंद दाढा दिसल्या की शाकाहारी, झालं उत्तर. शाळेत तेवढंच शिकवतात आणि कुत्रा, मांजर, बकरी एवढ्यांपुरतं ते चालूनही जातं. पण ज्याला कवटी खरोखर वाचायला शिकायचीय त्याने आर्माडिलो या अमेरिकेतल्या कवचधारी प्राण्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्याच्या तोंडात मांजरासारखे सुळे नाहीत, दाढांवर उंचवटे नाहीत, पुढचे दात वेगळे आणि मागचे वेगळे असा प्रकारच नाही, सगळे दात खुंटीसारखे आणि जवळपास एकसारखे. म्हणजे दात बघून पटकन उत्तर द्यायची सोयच नाही, मग आपोआप तुम्ही जबडा बघता, गालाचं हाड बघता, सांधा कुठे आहे ते बघता, आणि खरी माहिती तिथेच असते.

आमच्या बडोद्यात एमएसयूला, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, झूलॉजी करणारी भाची घरी आली की तिचा पहिला प्रश्न हाच असतो, मामा, जो प्राणी भारतात नाहीच त्याची कवटी मी कशाला शिकू? तिला जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय. आर्माडिलो फक्त अमेरिका खंडात, म्हणजे अर्जेंटिना-चिलीपासून वर युनायटेड स्टेट्सपर्यंत. अंगावर हाडाचं कवच, नातं झाडावर लटकणाऱ्या संथ स्लॉथशी आणि मुंग्याखाऊ अँटईटरशी. जिवंत जाती विसाच्या आसपास, आणि या एवढ्याशा गोतावळ्यात नुसत्या मुंग्या-वाळवीवर जगणारे आहेत, किडे खणून खाणारे आहेत, कंदमुळं, फळं, उंदीर, मेलेलं जनावर असं मिळेल ते खाणारेही आहेत. नातेवाईक तेच, खाणं वेगळं, त्यामुळे कवटीत जो फरक दिसतो तो बराचसा खाण्याशी जोडून बघता येतो. कुत्रा आणि बकरी शेजारी ठेवून हे जमत नाही, त्यांच्यात इतके फरक आहेत की कुठला कशामुळे तेच कळत नाही.

साहित्य फार लागत नाही. इंटरनेटवर डिजिमॉर्फ आणि मॉर्फोसोर्स अशा दोन साइट आहेत, तिथे कवट्यांचे सीटी स्कॅन बघता येतात, गोल फिरवून. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या ॲनिमल डायव्हर्सिटी वेबवर कवट्यांचे फोटो आहेत. दोन प्राणी शोधा. एक नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो, शास्त्रीय नाव डॅसिपस नोव्हेमसिंक्टस, आणि दुसरा सहा पट्ट्यांचा, युफ्रॅक्टस सेक्ससिंक्टस. या दोघांचीच जोडी घ्या कारण दोघांचं वजन साधारण सारखं, चार-पाच किलोच्या आसपास, त्यामुळे मोठं जनावर म्हणून मोठा जबडा ही पळवाट राहत नाही. दोघांचा बरोबर बाजूने काढलेला फोटो, एक खालून काढलेला, आणि खालच्या जबड्याचा वेगळा फोटो असं सगळं प्रिंट करून घ्या. फोटो कमी-जास्त मोठे आले तरी चालतं कारण आपण मिलिमीटर नाही, गुणोत्तर काढणार आहोत. फक्त फोटो तिरका नको, तिरक्या फोटोत थोबाड आखूड दिसतं आणि मग सगळं गणित फसतं. खरी कवटी असेल आणि मोबाईलने फोटो काढणार असाल तर लांब उभं राहून झूम करा, जवळून काढला की पुढचा भाग फुगून येतो.

आता पहिलं काम, दातांवर कागदाची पट्टी चिकटवा. खरंच चिकटवा. दात झाकले नाहीत तर डोळा तिथेच जातो आणि बाकीचं सगळं आपण त्या दातांना सोयीचं असं बघायला लागतो. पट्टी शेवटी काढायची.

मग थोबाडाची लांबी. डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या कडेपासून नाकाच्या टोकापर्यंत मोजा, आणि त्याला पूर्ण कवटीच्या लांबीने भागा. डॅसिपसचं थोबाड लांब, निमुळतं, नळीसारखं पुढे गेलेलं दिसेल. युफ्रॅक्टसचं मागे रुंद आणि पुढे पाचरीसारखं निमुळतं होत गेलेलं, पण एकंदरीत आखूड आणि भक्कम. लांब नळीसारखं थोबाड मातीत, पालापाचोळ्यात, मुंग्यांच्या वारुळात खुपसायला बरं, आणि आत वास घेणारे पडदे ठेवायलाही जागा मिळते. डॅसिपसला जमिनीखालच्या अळीचा वास वीतभर खोलीवरूनही लागतो असं सांगतात. पण लांब थोबाडाची किंमत चाव्यात मोजावी लागते, ती कशी ते पुढे.

थोबाडाचा हा नियम आपल्याकडे बघायचा असेल तर बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी आठवा. आपल्या गावातल्या नदीत ज्या आहेत त्या मगर जातीच्या, थोबाड रुंद, आणि मासा, बेडूक, पक्षी, कुत्रा, काय मिळेल ते खाणाऱ्या. घड्याल म्हणजे सुसरीचं थोबाड काठीसारखं बारीक, ती मुख्यतः माशांवर. पाण्यात बारीक थोबाड बाजूला झटकन फिरतं हे कारण तिथे आहे आणि आर्माडिलोत कारण वेगळं आहे, पण बारीक-लांब थोबाड म्हणजे छोटं भक्ष्य आणि रुंद-भक्कम म्हणजे काहीही चालेल, हा कल दोन्हीकडे दिसतो.

यानंतर गालाच्या हाडाची कमान. कवटीच्या बाजूला डोळ्याखालून कानाकडे जाणारी हाडाची दांडी असते ती. तुमचा हात कानशिलावर ठेवा आणि दात करकचून दाबा, बोटांखाली जो स्नायू फुगतो तो कानशिलाचा स्नायू, तो या कमानीच्या आतून खाली जबड्याला जातो. आता हात गालावर जबड्याच्या कोपऱ्याशी ठेवून परत दाबा, तिथे फुगतो तो गालाचा स्नायू, तो या कमानीलाच धरून असतो. म्हणजे कमान जाड आणि बाहेर फुगलेली असेल तर दोन्ही स्नायूंना जागा भरपूर, आणि कमान काडीसारखी असेल तर स्नायूही बेताचेच. डॅसिपसची कमान पूर्ण आहे पण बारीक. युफ्रॅक्टसची जाड, खोल, बाहेर निघालेली. कवटी वरून बघितली तर कमान आणि मेंदूच्या डब्यामध्ये जी पोकळी दिसते ती दोघांची शेजारी ठेवून बघा, फरक सांगायला कोणी लागणार नाही. आणि मुंग्याखाऊ मोठा अँटईटर बघितलात तर तिथे कमान पूर्णच होत नाही, मध्येच तुटलेली असते, कारण त्याला चावायचंच नाहीय, दात एकही नाही, आणि जीभ साठेक सेंटिमीटर बाहेर येते.

आता खालचा जबडा, यावर मी जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. घरात अडकित्ता असेल तर हातात घ्या. सुपारी टोकाशी धरली तर कितीही दाबलं तरी फुटत नाही, नुसती सटकते, आणि तीच खिळीजवळ सरकवली की एका दाबात कातरली जाते. हात तोच, जोर तोच, फक्त खिळीपासूनचं अंतर बदललं. जबड्यात खीळ म्हणजे मागचा सांधा, हाताचा जोर म्हणजे स्नायू, आणि सुपारी म्हणजे चाव्यात सापडलेली वस्तू. फरक एवढाच की जबड्यात स्नायू खिळीच्या जवळ असतो आणि वस्तू लांब, त्यामुळे ताकद नेहमी थोडी वाया जाते आणि वेग मिळतो. किती वाया जाते ते मोजायचं.

सांध्याचा गोळा जिथे आहे तिथे पेनाने ठिपका द्या. तिथून वर उभा राहिलेला जो हाडाचा पंखा असतो, कानशिलाचा स्नायू जिथे येऊन धरतो, त्याच्या टोकापर्यंत अंतर घ्या. मग सांध्यापासून जबड्याच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत, आणि वेगळं सांध्यापासून शेवटच्या दाताच्या जागेपर्यंत (पट्टीवरून अंदाजाने चालेल). समजा एका फोटोत पहिलं अंतर 20 मिमी आलं आणि टोकापर्यंतचं 80, तर गुणोत्तर पाव, म्हणजे स्नायूने लावलेल्या जोराचा पाव हिस्सा टोकाला पोचतो. दुसऱ्या कवटीत 25 आणि 70 आलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, तुमचे तुमच्या फोटोवर काढा. बारकाईने करणारे लोक स्नायूची दिशा धरून लंब अंतर घेतात, पण सुरुवातीला एवढं पुरतं आणि दोन कवट्यांमधला फरक यातही उठून दिसतो. हेच जबड्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्याचंही करा, गालाचा स्नायू तिथे धरतो. कोपरा जितका मोठा आणि खाली उतरलेला तितका तो स्नायू मोठा.

मोजताना जबड्याची जाडीही बघा, म्हणजे दातांच्या खाली हाड किती खोल आहे. डॅसिपसचा जबडा पातळ पट्टीसारखा आणि डाव्या-उजव्या बाजू पुढे सैल जोडलेल्या. युफ्रॅक्टसचा खोल, जड. कडक वस्तू चावताना जबडा वाकायला बघतो, म्हणून ज्याला रोज कडक काही फोडायचंय त्याचं हाड खोल असतं. युफ्रॅक्टस पामची फळं खातो, कंद खातो, त्याचा जबडा बघून हे पटतं.

जबड्याचा सांधा दातांच्या रांगेच्या किती वर आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, पण याच्याइतकी उपयोगी खूण दुसरी नाही. दातांच्या रांगेवर मोजपट्टी ठेवून रेष मागे ओढत न्या. कुत्र्या-मांजरात सांधा जवळपास त्याच रेषेवर येतो, त्यामुळे तोंड कात्रीसारखं मागून पुढे मिटतं, मांस कापायला हेच हवं. बकरीत सांधा रेषेच्या खूप वर, त्यामुळे सगळ्या दाढा एकदम टेकतात आणि जबडा आडवा फिरवून रवंथ करता येतं. आर्माडिलोत अँटईटरकडे झुकणाऱ्या, मुंग्या खाणाऱ्यांचा सांधा खाली राहतो, युफ्रॅक्टसचा वर चढतो, आणि नामशेष झालेले जे झाडपाला खाणारे भाऊबंद होते त्यांचा तर फारच वर. ते पुढे येतील.

टाळूही बघून घ्या, कवटी उलटी करून. डॅसिपसचा टाळू लांब आणि अरुंद, दातांची रांग संपली तरी मागे चालूच राहतो. लांब चिकट जिभेला सरकायला लांब रस्ता लागतो, म्हणून.

आता कागदाची पट्टी काढा. डॅसिपसमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक बाजूला वर आठ, खाली आठ, म्हणजे बत्तीसच्या आसपास दात, छोटे छोटे, मध्ये मध्ये फट, आणि थोबाडाचा पुढचा भाग तर पूर्ण मोकळा, तिथे दातच नाहीत. बरोबर आहे, पुढचं काम जीभ करते. युफ्रॅक्टसमध्ये वर प्रत्येक बाजूला नऊ, खाली दहा, दात जाड, एकमेकांना लागून, आणि रांग अगदी पुढच्या हाडापर्यंत गेलेली. पुढे दात आहेत म्हणजे पकडणं, ओढणं, तोडणं हे पुढच्या टोकाने होतं. मोठ्या झालेल्या आर्माडिलोच्या दातांवर आपल्यासारखं कडक पांढरं आवरण नसतं, दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजत राहतात, त्यामुळे झिजेचा आकार बघा. डॅसिपसमध्ये वरचे-खालचे दात एकमेकांच्या मध्ये बसतात, म्हणून माथ्यावर दोन उतार तयार होतात, घराच्या छपरासारखे नुसते बघूनच कळतात. मुंग्यांबरोबर माती-वाळू भरपूर पोटात जाते, तिची घासणही त्यात आलीच.

इथे एका गोष्टीवर थांबा, दातांच्या संख्येवर. मोठा आर्माडिलो, प्रायोडॉन्टेस मॅक्सिमस, तीसेक किलोचा प्राणी, कधीकधी त्याहून बराच जड, त्याच्या तोंडात ऐंशी ते शंभर दात असू शकतात, जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत एवढे दात कोणाला नाहीत. नुसता हा आकडा ऐकला तर वाटेल हा काय काय चावत असेल. तो खातो मुंग्या आणि वाळवी. दात बारीक, वय वाढेल तसे पडूनही जातात. म्हणजे दात खूप असणं आणि दात कामाचे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे दात झाकून बघण्याचं मी सुरुवातीला सांगितलं ते यासाठीच.

मोठं जनावर म्हणजे मोठं भक्ष्य हाही समज असाच काढून टाकावा लागतो, आणि त्यासाठी आपल्याला बडोद्याबाहेर जायला नको. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या व्हेलचा सांगाडा आहे, 1944 मध्ये मही नदीच्या मुखाकडे वाहून आलेला. लहानपणापासून आपण सगळे त्याच्या लांबीकडे बघून मान वर करून फिरलोय, पुढच्या वेळी लांबी सोडा आणि खालचा जबडा बघा. दोन लांब कमानी, बाहेर वाकलेल्या, दात नाही, आणि कानशिलाच्या स्नायूला धरायला हाडाचा तो उभा पंखा अगदी क्षुल्लक. एवढा प्राणी आणि चावा शून्य, कारण तो पाणी गाळून कोळंबीसारखे बारीक जीव खातो. आर्माडिलोची कवटी वाचायला शिकलेला माणूस हा जबडा बघून दोन मिनिटांत सांगेल की इथे चावण्याचा काही संबंध नाही.

आता मोजलेलं सगळं एका कागदावर लिहा आणि खाण्याचा अंदाज करा, पण अंदाज लिहिताना एक शिस्त पाळा, हा प्राणी अमुक खातो असं लिहू नका, हा प्राणी अमुक खाऊ शकतो असं लिहा. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. केंट रेडफोर्ड या अभ्यासकांनी 1985 मध्ये आर्माडिलोंच्या खाण्याची वर्गवारी केली: युफ्रॅक्टस आणि त्याचे केसाळ भाऊबंद हे मांस आणि बाकी सगळं खाणारे, डॅसिपस हे किडे खाणारे पण निवड न करणारे, प्रायोडॉन्टेस, कॅबॅसस आणि टोलिप्युटीस हे मुंग्या-वाळवीवर भर देणारे, आणि गुलाबी परी आर्माडिलोसारखे जमिनीखालीच राहणारे वेगळे. मग 1990 मध्ये कॅथलीन स्मिथ आणि रेडफोर्ड यांनी नेमकी आपली हीच जोडी, डॅसिपस आणि युफ्रॅक्टस, घेऊन स्नायू, जीभ, जबडा सगळं तपासलं आणि त्यांचा इशारा असा होता की रचना म्हणजे नशीब नव्हे. भक्कम जबड्याचा युफ्रॅक्टस कंद फोडू शकतो, मेलेल्या जनावराचं मांस ओढू शकतो, आणि वारूळ सापडलं तर मुंग्याही मजेत खातो. उलट डॅसिपसला मात्र पामची बी फोडणं जमणार नाही. म्हणजे नाजूक कवटी पर्याय कमी करते आणि भक्कम कवटी पर्याय उघडे ठेवते, म्हणून नाजूक कवटीवरून केलेला अंदाज जास्त नेमका येतो आणि भक्कम कवटीवरून केलेला ढिला राहतो. ढिला अंदाज ढिलाच लिहा, उगाच ओढूनताणून नेमका करू नका.

शिवाय खाणं ऋतूप्रमाणे बदलतं, कवटी बदलत नाही. तीन पट्ट्यांचा टोलिप्युटीस, तोच जो पूर्ण गोळा होऊन बसतो, तो कोरड्या दिवसांत मुंग्या-वाळवीवर असतो आणि फळांच्या दिवसांत फळंही बरीच खातो. आणि काही गोष्टी कवटीत मुळीच नसतात. प्रायोडॉन्टेसच्या पुढच्या पायाची मधली नखी वीस सेंटिमीटरपर्यंत जाते, वारूळ तो फोडतो ते नखीने, जबड्याने नव्हे. पायाची हाडं सोबत मिळाली तर ती बघितल्याशिवाय अंदाज पूर्ण करू नका.

अंदाज चुकणं हे पट्टीच्या लोकांनाही सुटलेलं नाही, त्याचं माझं आवडतं उदाहरण पेल्टेफिलस. दक्षिण अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात मायोसीन काळातल्या खडकांत सापडणारा आर्माडिलो, दीडेक कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याहूनही जुना. नाकावर कवचाच्या चकत्या शिंगांसारख्या वर आलेल्या, दात टोकदार, आणि दातांची रांग पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखी जुळलेली. शिंगं आणि टोकदार दात, मग काय, वर्षानुवर्षं त्याला शिकारी किंवा मढी खाणारा म्हणून रंगवलं गेलं. 1997 मध्ये सर्जिओ व्हिस्काइनो आणि रिचर्ड फारिन्या यांनी दात बाजूला ठेवून जबड्याच्या स्नायूंचं गणित आणि पायाची हाडं परत तपासली, आणि त्यांचं मत पडलं की हा जमीन उकरून कंदमुळं खाणारा असावा, मांस कापायला लागणारी जुळणी या जबड्यात नाहीच. नुसत्या टोकदार दातांवर विश्वास ठेवला की काय होतं ते यात दिसतं. आणि असंही नाही की आर्माडिलोत शिकारी झालाच नाही. मॅक्रोयुफ्रॅक्टस नावाचा नामशेष झालेला मोठा आर्माडिलो होता, त्याचा एक दात सुळ्यासारखा वाढलेला, आणि 2003 मध्ये व्हिस्काइनो आणि जेरार्डो दे युलिस यांनी जबड्याच्या मोजमापावरून तो बऱ्यापैकी मांसाहारी असावा असं दाखवलं. इथे दात आणि जबडा दोघांची साक्ष एकच पडते म्हणून ते पटतं. दोन साक्षीदार जुळले तरच लिहायचं, हा नियम मी भाचीला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलाय.

झाडपाला खाणाऱ्यांकडे जायचं तर ग्लिप्टोडॉन्टचे स्कॅन काढा. छोट्या गाडीएवढे मोठे होत, चेहरा आखूड, जबडा विलक्षण खोल, गालाच्या हाडातून खाली लोंबणारा एक मोठा हाडाचा पट्टा स्नायू धरायला, सांधा दातांच्या रांगेच्या खूप वर, आणि प्रत्येक दात तीन पाळ्यांचा. वर आपण जेवढं मोजलं ते सगळं दुसऱ्या टोकाला नेलं की हा प्राणी मिळतो. 2016 मध्ये डोएडिक्युरस या ग्लिप्टोडॉन्टच्या डीएनएवरून कळलं की हे आर्माडिलोंच्या कुळातलेच, लांबचे पाहुणे नव्हेत. युफ्रॅक्टस आणि ग्लिप्टोडॉन्ट शेजारी ठेवून मोजायला मला फार आवडतं, जबडा हळूहळू कुठे जाऊ शकतो ते दिसतं.

सराव मात्र हातात हाड घेऊनच करा, स्क्रीनवर बोटं शिकत नाहीत. खाटकाकडून बकरीची मुंडी आणतो त्यातला खालचा जबडा ठेवून घ्या. मंद आचेवर शिजवा, खळखळ उकळू नका नाहीतर हाडं तडकतात. मांस काढून झालं की कोमट पाण्यात साधी कपडे धुवायची पावडर घालून काही दिवस भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, जुन्या टूथब्रशने घासा, आणि शेवटी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साईड. ब्लीचिंग पावडर वापरू नका, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. मग सांध्याचा गोळा, वरचा पंखा, मागचा कोपरा असं सगळं बोटाने चाचपून मोजा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली मोकळी जागा बघा, पुढचं तोडायला आणि मागचं दळायला. कुत्र्याची कवटी बघायची असेल तर कॉलेजच्या लॅबमधली बघा, रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याला हात लावू नका, रेबीजचा धोका असतो.

आर्माडिलोनंतर आपल्याकडचे दोन प्राणी मुद्दाम करा. एक अस्वल, ते गुजरातेतल्या रतनमहाल आणि जांबुघोड्याच्या जंगलात आजही आहे. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. पण बाकी कवटी अस्वलाचीच, सुळे आहेत, कमान जाड आहे, आणि ते वाळवीबरोबर मोहाची फुलं, बोरं, जांभळं, मध सगळं खातं. ती फट सोडली तर वाळवी खाण्याची ठळक खूण पटकन दिसत नाही, म्हणून या कवटीवर अंदाज लिहिताना हात जपून चालवावा लागतो, तेच शिकण्यासारखं आहे. दुसरं खवले मांजर. आर्माडिलोशी त्याचं जवळचं नातं नाही, ते कुत्र्या-मांजरांच्या कुळाला जास्त जवळ, आणि तरीही कवटी बघा, गुळगुळीत निमुळती, दात एकही नाही, गालाची कमान अपुरी, खालचा जबडा काडीसारखा. अँटईटर तिकडे दक्षिण अमेरिकेत आणि खवले मांजर आपल्या गुजरातेत, दोघांनी मुंग्या खाऊन जवळपास तीच कवटी कमावली.

खवले मांजराची कवटी, खवले किंवा कुठलाही भाग विकत घेऊ नका, जवळ ठेवू नका, जंगलात सापडला तरी उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला सगळ्यात वरचं संरक्षण आहे, अस्वलालाही, आणि मुंगूस-मगर यांच्या हाडांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. यांचे स्कॅन बघा, म्युझियम आणि कॉलेजच्या संग्रहातल्या कवट्या परवानगी घेऊन बघा. बिनलेबलची कोणी विकायला आणली तर जवळच्या फॉरेस्ट ऑफिसला कळवा.

वहीत नोंद कशी करायची तेही सांगतो. वर प्राण्याचं नाव, कवटी कुठल्या संग्रहातली आणि तिचा नंबर, फोटो कुठल्या बाजूने. मग थोबाडाचं गुणोत्तर, कमान, जबड्याची दोन्ही गुणोत्तरं, हाडाची खोली, सांध्याची उंची, टाळू, आणि सगळ्यात खाली दात. त्याखाली हे काय फोडू शकेल, काय पकडू शकेल, काय अजिबात जमणार नाही, या तीन ओळी. हे लिहून झाल्यावरच त्या प्राण्याच्या पोटात किंवा विष्ठेत प्रत्यक्ष काय सापडलं त्याचे अभ्यास शोधून वाचा आणि ते वेगळ्या रंगाच्या पेनाने शेजारी लिहा, आधी वाचलंत तर मोजमापही तसंच येतं. डॅसिपस आणि युफ्रॅक्टस झाले की तिसरा कीटोफ्रॅक्टस व्हिलोसस घ्या, मोठा केसाळ आर्माडिलो, जो मेलेल्या जनावराखाली बीळ करून अळ्या आणि मांस खातो म्हणतात, आणि तो या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते स्वतः मोजून बघा.